पाण्याखालचा डबा

आमच्या भागात माझ्या दादाला नावाने कोणी हाक मारत नाही. शूटिंगवाला म्हणतात. गेली एकोणीस वर्षं तो लग्नांचं, वाढदिवसांचं, शाळांच्या संमेलनांचं व्हिडिओ शूटिंग करतो. काम चोख. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, खराब शॉट घरात ठेवायचा नाही. ठेवला की कधी ना कधी गिऱ्हाइकाच्या हातात पडतो, आणि तेवढ्यावरच तुझी पारख होते. दादाने ते गुरुमंत्रासारखं धरलं. संध्याकाळी कामावरून आला की कपडे बदलायच्या आधी तो दिवसभराचं शूटिंग बघायचा आणि हललेलं, अंधारलेलं, कुणाचा खांदा आडवा आलेला, सगळं पुसून टाकायचा. मी चहा घेऊन गेले की म्हणायचा, "थांब जरा, केर काढतोय."

त्या केरात आमच्या घरातली एक गोष्ट गेली. ती पुन्हा मिळाली नाही.

माझे यजमान गेल्यापासून मी दादाकडेच राहते. वहिनी नर्स आहे. विमानाने जावं लागतं इतक्या लांबच्या इस्पितळात तिची तीन वर्षांची नोकरी आहे, आणि मधे एकदाच सुट्टी. ती सुट्टी यायला तेव्हा अजून चौदा महिने होते. त्यांना एकच मुलगी. घरात तिला मनी म्हणतात, कारण ती लहानपणी मांजरीसारखी कुणाच्याही कुशीत शिरून झोपायची. मनीचे स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. त्या आजाराला औषध नाही. वहिनी गेली तेव्हा मनी भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत यायची. नवव्या वर्षी तिने भिंत सोडली आणि चाकांच्या खुर्चीत बसली. डॉक्टर म्हणाले, जे आहे ते टिकवा, कुठली गोष्ट कधी जाईल ते सांगता येत नाही.

टिकवायचं म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही तिला दवाखान्याच्या कोमट पाण्याच्या तलावात नेऊ लागलो. व्यायामवाल्या बाई तिला धरून पाण्यात उतरवायच्या. तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी बाईंनी हात सोडले आणि छातीभर पाण्यात मनी चालली. एकटी. कशालाही न धरता. मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही, ते नंतर घरी येऊन घेतलं.

दादाने पुढच्याच वेळी काठावरून शूटिंग करून वहिनीला पाठवलं. रविवारी तिचा फोन आला.

"अहो, ती छान तरंगतेय," वहिनी म्हणाली.

"तरंगत नाहीये, चालतेय."

"पाय कुठे दिसताहेत? डोकं आणि खांदे दिसताहेत, बाकी सगळं पाणी चमकतंय."

"मी सांगतोय ना तुला."

"तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून सांगता," वहिनी म्हणाली. "मी नर्स आहे, पेशंटच्या घरच्यांशी रोज असंच बोलते. सांगू नका. दाखवा."

दादाने फोन ठेवला आणि हाताचे तळवे मांडीवर घासले. मग म्हणाला, "पाण्याच्या आतून घ्यायला पाहिजे."

अशी त्या डब्याची गोष्ट सुरू झाली. दुकानदार त्याला हाउसिंग म्हणतात. कॅमेरा आत ठेवून पाण्यात न्यायचं कवच ते. आम्ही घरात डबाच म्हणत आलो.

कॅमेऱ्याच्या दुकानातले काका दादाचे जुने ओळखीचे. त्यांनी एक पुस्तकच पुढे टाकलं. कंपनीचा अॅल्युमिनियमचा डबा दादाच्या कॅमेऱ्यापेक्षा महाग होता. "घोड्यापेक्षा खोगीर जड," काका म्हणाले आणि पान उलटलं. त्याखालोखाल जाड प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे, पण ते ठरावीक मॉडेलचे. दादाच्या कॅमेऱ्याचं बटण एकीकडे, डब्याचा दांडा दुसरीकडे. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे पुढे काच बसवलेली मऊ पिशवी.

"ही दोन दिवस घेऊन जा," काका म्हणाले. "आवडली तर पैसे दे. नाही आवडली तर वाळवून आण, ओली आणलीस तर तुझ्याच डोक्यावर पिळीन."

त्या मंगळवारी दादा अर्ध्या चड्डीत पाण्यात उतरला. पिशवी फुग्यासारखी वर यायची, ती तो दोन्ही हातांनी दाबून धरत होता. बटण पिशवीतून नीट दाबलं जात नव्हतं. कसंबसं चाळीस सेकंद शूटिंग झालं. घरी आल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर ते लावलं आणि मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

आतून काचेला वाफ धरली होती. सगळं धुरकट, एका बाजूला कललेलं. पण त्या धुरकटात दोन पांढरे पाय होते. डावी टाच खाली यायची, मग बोटं, मग उजवी. गुडघा किंचित आत वळायचा, मनीचा वळतो तसाच. मी मोजली, नऊ पावलं. नवव्यानंतर चित्र वर गेलं आणि तलावाची फरशी दिसली.

"दिसलं की," मी म्हणाले.

"काय दिसलं? धुकं. तिच्या आईला धुकं पाठवू? परत म्हणेल काही दिसत नाही."

"मग काय करतोस?"

"नीट डबा घेऊ. नीट काढू. एकदाच, पण असं की तिने प्रश्नच विचारू नये."

आणि रोजच्या सवयीने त्याने ते पुसलं. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडून राहू दे म्हणून शब्द फुटला नाही. त्याच्या कामात मी कधी बोलत नसे, आणि त्याचं म्हणणंही मला पटलं होतं. पुढच्या मंगळवारी मनी चालणारच होती ना.

त्यानंतर अडीच महिने आमच्या घरात डब्याशिवाय विषय नव्हता. दादाने एक पारदर्शक डबा आणला, दुसऱ्या मॉडेलचा, स्वस्तात. बटणासाठी स्वतः भोक पाडून दांडा बसवला. पण दादा कॅमेरा कधी थेट पाण्यात घालायचा नाही. रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवायचा, डबा बंद करायचा, बादलीत बुडवून वर पाटा ठेवायचा आणि सकाळी बघायचं. कागद कोरडा तर डबा खरा. त्या डब्यातला कागद पहिल्या दिवशी कोरडा निघाला, दुसऱ्या दिवशी कोरडा, तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्याला नखाएवढा ओला.

"एका कोपऱ्यालाच," मी म्हणाले.

"कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. कॅमेरा गेला तर आपण खायचं काय?"

तेही खरंच होतं. त्या कॅमेऱ्यावर घर चालत होतं आणि मनीचा तलावही. म्हणून तो डबा परत गेला.

मग ओळखीतून एक जुना धातूचा डबा निघाला. कोणी हौशी माणूस समुद्रात माशांचे फोटो काढायचा, त्याने ते सोडलं होतं. दादाच्या कॅमेऱ्याला अगदी बसत होता आणि किंमतही झेपणारी. पण झाकणाच्या खोबणीतली रबराची कडी दोन ठिकाणी तडकली होती. सगळं पाणी अडवते ती कडीच. तिच्यावर एक केस जरी आला तरी पाणी आत येतं, असं दादा मला समजावून सांगायचा. नवी कडी बाहेरून मागवावी लागणार होती, तीन आठवडे लागणार होते. तोवर दादाने खोबण ब्रशने साफ केली आणि वाफ धरू नये म्हणून शेजारीपाजारी फिरून बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवल्या. शेजारीण म्हणाली, "तुमच्या दादांना बूट नकोत, नुसतं खोकं हवं, असं पहिल्यांदाच बघतेय."

वहिनी फोनवर हसायची. "अहो, डबा बघताय की मुलीसाठी स्थळ? ह्याचं नाक वाकडं, त्याचा रंग सावळा."

मनी मधेच ओरडायची, "आई, बाबाचा टिश्यू पेपर माझ्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात असतो."

त्या दिवसांत ती चालत होती. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. एकदा तेरा पावलं झाली. मी काठावर टॉवेल घेऊन बघत होते आणि दादा घरी टिश्यू पेपर बघत होता.

कडी यायच्या आठवडाभर आधी मनीला ताप आला. छातीत उतरला. सतरा दिवस ती इस्पितळात होती, त्यातले चार दिवस तोंडावर मास्क. मी देवाजवळ फक्त श्वास मागितला. मागताना पाय मला आठवलेच नाहीत, आणि श्वास त्याने दिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कडीचं पाकीट आलं तेव्हा आम्ही दोघंही इस्पितळात होतो, शेजारणीने सही करून घेतलं.

घरी आल्यावर पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी तलावाची परवानगी दिली. दादाने कडीला बोटाने पातळ ग्रीस लावलं, डोळ्यांपाशी धरून केस बघितले, पुड्या ठेवल्या, झाकण लावलं. पाण्यात उतरला. बाईंनी मनीला छातीभर पाण्यात उभं केलं आणि हात थोडे सैल केले. ती खाली गेली. पुन्हा धरलं, पुन्हा सैल केलं.

"मनी, टाच खाली," बाई म्हणाल्या.

"मी सांगतेय तिला," मनी म्हणाली. "ती ऐकत नाहीये."

अर्धा तास झाला. शेवटी बाईंनी दादाकडे बघून मान हलवली. दादा पाण्यातल्या डब्याच्या काचेवर नजर लावून तसाच उभा होता. मग म्हणाला, "पाणी गार होतंय, बाहेर काढा तिला."

घरी त्याने डबा उघडला. आत एक थेंब आला नव्हता. चित्र इतकं स्वच्छ की मनीच्या घोट्यावरची शीर दिसत होती, पाय दोन वेलींसारखे लोंबकळत होते आणि बाईंच्या अंगठ्या चमकत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड घेऊन काकांकडे गेला. पुसलेलं परत काढता येतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. काकांनी कॉम्प्युटरला लावलं, तासभर खटपट केली.

"ह्याच्यावर नंतर शूटिंग केलंस?"

"तीन लग्नं."

काकांनी कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. नेहमीसारखं टोमणा मारून पाठवतील म्हणून दादा थांबला होता. त्यांनी मारला नाही. हे दादानेच मला सांगितलं, भांडी घासताना, पाठमोरा.

वहिनीला काय सांगायचं ह्यावर दोन रविवार गेले. तिसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी दादा मला म्हणाला, "आज तूही पाण्यात उतर." मला पोहता येत नाही, पाण्याची भीतीच वाटते. साडी सोडून बाईंचे जुने कपडे घातले आणि काठ धरून उथळ टोकाला उभी राहिले. त्याने डबा माझ्या हातात दिला, बटण दाखवलं. बाईंनी मनीला बगलेत धरलं. दादा मागून पाण्यात खाली बसला, त्याचं फक्त डोकं वर, आणि त्याने दोन्ही हातांनी तिचे घोटे धरले. डावा उचलला, पुढे ठेवला. उजवा उचलला.

"बाबा, दोनदा उजवा झाला," मनी म्हणाली. "मी मोजतेय हं."

"मला चित्रात तुझे हात दिसताहेत," मी म्हणाले. "थोडा वर घेऊ?"

"नको," दादा म्हणाला. "तिला खोटं नाही पाठवायचं."

एवढ्या वर्षांत आपली सावलीही चित्रात येऊ न देणारा माणूस. ते त्याने जसंच्या तसं पाठवलं, आणि सोबत चार ओळी लिहिल्या, आधी काय झालं होतं आणि त्याने काय पुसलं ते.

रविवारी फोन मी उचलला. वहिनीचाच होता. तिकडे कुठलीतरी गाडी मागे घेतल्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

"ह्यांची नखं वाढलीत," ती म्हणाली. "कापायला सांगा."

"सांगते."

"वन्सं, ते पुसलेलं तुम्ही बघितलं होतंत ना?"

"बघितलं होतं."

"मग सांगा."

मी सांगितलं. धुकं सांगितलं, कललेलं सांगितलं. डावी टाच, मग बोटं, मग उजवी. गुडघा आत वळायचा तो. मी बोलत असताना आतल्या खोलीत दादाच्या कॉम्प्युटरवर कुठल्यातरी लग्नाचं संगीत चाललं होतं, ते थांबलं.

आता दर रविवारी ती ते ऐकते. मनीशी बोलून झालं, तब्येत झाली, पैसे पोचले का ते झालं की म्हणते, वन्सं, सांगा. दादाने काही पुसणं सोडलं आहे. त्याच्या कपाटात हललेल्या, अंधारलेल्या शॉटची कार्डं साठली आहेत आणि जागा पुरत नाही. धातूचा डबा त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. त्याची कडी सुकू नये म्हणून तो महिन्यातून एकदा ग्रीस लावतो.

गेल्या रविवारी सांगता सांगता माझ्या तोंडून दहा पावलं निघालं. मलाही ते आता नीट आठवेनासं झालंय की काय, म्हणून मी घाबरले.

"नऊ," वहिनी म्हणाली. "नऊच सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.