रिकाम्या काचेचा फोटो

पनवेलमधल्या निम्म्या नवऱ्यामुलांना मी गोरं केलं आहे. (उरलेले दुसऱ्या स्टुडिओत गेले, त्यांचं नशीब!) त्यामुळे लेकीने, मनवाने, मायक्रोस्कोपमधून काढलेले खाडीकाठच्या तिवराच्या पानाचे फोटो दुकानात आणले तेव्हा मी हसलोच. मधे लखलखाट, कोपऱ्यांत अंधार. जणू पानाच्या घरी फक्त हॉलमध्येच लाइट आली होती!

"बाबा, मागचा उजेड सगळीकडे एकसारखा कर. पाचच्या आत प्रोजेक्ट अपलोड नाही झाला तर वर्ष गेलं माझं!"

"तू निवांत जेवून ये. पानाला स्थळं येतील असं करतो!"

पेनड्राइव्ह उघडला. पहिलाच फोटो रिकामा! नुसता उजेड. आमच्या धंद्यात रिकामी फ्रेम दिसली की उडवतात. उडवली. रिसायकल बिनमधूनही उडवली!

मग पानाची कॉपी घेऊन ब्रश चालवला. कोपरे उजळले की मधे काळोख वाटे, मध्य उजळला की कोपरे रुसत. मी हटलो नाही! शेवटी पानाचा पार पोह्याचा पापड झाला. तेवढ्यात त्याच्यावर बारीक ठिपके दिसले. पुरळ! हात आपोआप फिरला. पान एकदम मुंडावळ्या बांधण्याजोगं!

मनवा आली, सोबत माझा डबा घेऊन तिची आई, शुभदा.

"बाबा, ठिपके कुठे गेले?"

"काढले. घरचं गिऱ्हाईक, फ्री!"

"अरे, मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी होत्या त्या! माझा अख्खा प्रोजेक्ट त्यांच्यावर आहे!"

"ओरिजिनल आहे ना, घाबरतेस काय?"

"आणि पान न ठेवता काढलेला रिकाम्या काचेचा फोटो? उजेड कुठे कमी, कुठे जास्त, ते त्याच्यावरूनच कळतं!"

मी पंख्याकडे बघितलं.

"उडवला असणार," शुभदा म्हणाली. "आमच्या लग्नाच्या फोटोंतली अर्धी पंगत यांनी अशीच उडवली होती."

साडेचार वाजले होते. कॉलेजची लॅब बंद. मनवाने ओढणी खोचली.

"आता एकच उपाय. पानाची कॉपी घे आणि इतकी ब्लर कर, इतकी ब्लर कर, की पान आहे हे कुणाला ओळखू येता कामा नये. नुसता उजेड उरेल. तो मूळ फोटोतून वजा करायचा."

"सरक," मी म्हणालो.

एका झटक्यात जमलं! उजेड सपाट, ठिपके जागच्या जागी, पाचच्या आत अपलोड.

फोटो कशाचा आहे हे कुणाला ओळखू येऊ नये, ही कला माझ्या हातात पहिल्यापासूनच आहे. तिच्यापायी गिऱ्हाइकं आजवर माझ्याशी भांडत आली. "थँक्यू" म्हणणारी मनवा पहिलीच!