नियम चौथा आणि माझा लॅपटॉप

आमच्या जिन्यात पहिल्या मजल्याच्या वळणावर एक पत्रक चिकटवलेलं होतं. मीच लिहिलेलं, मीच छापून आणलेलं, मीच खळ लावून भिंतीवर चढवलेलं. मथळा होता, ‘रहिवाशांनो, जागे व्हा!’ सगळे रहिवासी आधीपासून जागेच होते, कारण खालच्या गाळ्यातले यंत्रमाग कुणाला झोपू देत नाहीत. पण पत्रकाला मथळा लागतो. मथळ्याशिवाय मला साधी किराणा मालाची यादीसुद्धा लिहिता येत नाही.

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या इमारतीत सहा घरं आणि सहा घरांत मिळून एक वायफाय. ही सामुदायिक योजना माझी. नेट हळू झालं तेव्हा शोधमोहीमही माझी. गुन्हेगार सापडले ते खालच्या पानाच्या गल्ल्यावरचे, म्हणजे टपरीवरचे, चार-पाच जण. कुणीतरी त्यांना पासवर्ड सांगितला होता आणि ते आमच्या पायरीवर बसून आमच्या नेटवर क्रिकेट बघत होते. मी पेटले. व्हिडिओ बघून बघून राउटरच्या आत शिरले आणि नियम चौथा लागू केला: ‘नोंद नसलेलं एकही यंत्र जोडलं जाणार नाही. अपवाद नाही.’ प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो. सहा घरांतले सगळे क्रमांक मी राउटरच्या यादीत घातले. यादीत नाव नाही त्याला पासवर्ड पाठ असला तरी दार बंद. जिन्यातल्या त्या पत्रकात ‘अपवाद नाही’ या शब्दांखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

आता त्या दिवसाचं.

समोरच्या घरात खानदेशातलं कुटुंब राहतं. वडील कडोदऱ्याला मागावर कामाला, मुलगी बारावी झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि ऑनलाइन फॉर्मचा तो शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. शाळेच्या दाखल्यात नाव चुकलेलं होतं. तो दुरुस्त होऊन आदल्या दिवशी हातात आला, म्हणून एवढा उशीर. मुलगी सरळ नाक्यावरच्या सायबरवाल्याकडे निघाली होती. मीच तिला जिन्यात अडवलं. फॉर्म भरण्याच्या नावाखाली चालणाऱ्या लुटीवर मी त्याच सायबरवाल्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, दुकानाच्या पत्त्यासकट. म्हटलं, ‘त्याच्याकडे पाय ठेवायचा नाही. माझ्याकडे लॅपटॉप आहे, सामुदायिक वायफाय आहे. हा आपला हक्क आहे.’ तिचे सगळे कागद मी सकाळीच स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवले.

दुपारी दोनला तिघे बसलो. मी, ती आणि तिचे वडील. वडिलांनी पाळी बदलून घेतली होती आणि सणाला घालतात तो शर्ट घातला होता. फॉर्मला आपला फोटो लागेल अशी त्यांची समजूत असावी.

मी वायफायवर टिचकी मारली. ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही.’

पुन्हा मारली. पुन्हा तेच.

लॅपटॉप बंद करून चालू केला. पासवर्ड नव्याने घातला. नेटवर्क विसरायला लावलं, परत आठवायला लावलं. राउटरची वायर उपटून साठ आकडे मोजले आणि परत खोचली. त्याबरोबर बाकीच्या पाचही घरांतून ‘अरे नेट गेलं!’ अशी ओरड झाली. नेट परत आलं, पाचही घरांची ओरड थांबली. माझा लॅपटॉप तसाच.

‘काय व्हयनं, ताई?’ वडिलांनी विचारलं.

‘काही नाही काका. कंपनीची दादागिरी आहे.’

‘पण माझ्या मोबाईलवर तर चालतंय, फक्त फॉर्मचं पान त्यात उघडत नाही,’ मुलगी म्हणाली.

‘तीच तर त्यांची चाल असते. सगळ्यांचं एकदम बंद केलं तर लोक एकत्र येतील.’

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मला नंतर फार वाईट वाटलं, पण तेव्हा मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावण्यात गुंतले होते. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, ‘आमच्याकडून लाइन चालू आहे. तुम्ही लॅपटॉपमध्ये काही बदललंय का?’ मी म्हटलं, ‘काहीही बदललेलं नाही. प्रश्न ग्राहकाच्या चारित्र्याचा नाही, तुमच्या सेवेचा आहे.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की फोन ठेवल्याबरोबर ते वहीत टिपून ठेवलं. तेव्हा तीन वाजून गेले होते.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘अगं, मोबाईलचं नेट दे ना त्या लॅपटॉपला. देतात तसं.’

‘आई, आपण वायफाय घेतलंय. आता मोबाईलचं नेट वापरलं म्हणजे आपण अन्याय मान्य केला.’

‘बरं. मग ती पोर नर्स नाही झाली तरी चालेल?’

आईला पत्रकं लिहिता येत नाहीत हे चळवळीचं भाग्य. तिने लिहिली असती तर माझी कुणी वाचली नसती.

शेवटी अन्याय मान्य करून मोबाईलचं नेट जोडलं. पण आमच्या घरात मोबाईलला रेंजची एकच दांडी येते, तीही गॅलरीत, कपड्याच्या दोरीखाली. मी लॅपटॉप घेऊन दोरीखाली उभी, डोक्यावर ओला टॉवेल, आणि स्क्रीनवर एक गोल फिरतोय. नाव भरलं, जन्मतारीख भरली, पान गेलं. परत नाव भरलं, पान गेलं. तिसऱ्या वेळी वडील हळूच मुलीला म्हणाले, ‘आते कसं करानं?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे एक नाही, चार उत्तरं होती आणि चारही सरकारला उद्देशून होती.

मुलगी उठली. ‘ताई, तत्त्व तुमच्याकडे ठेवा. माझे कागद मला पेनड्राइव्हमध्ये द्या. मी सायबरला जाते.’

पेनड्राइव्ह नव्हता. होता तो मी गेल्या सभेत कुणाला तरी क्रांतीसाठी दिला होता. मग लॅपटॉपच काखोटीला मारला आणि तिघे नाक्यावर निघालो. चार वाजले होते. मी सगळ्यात मागे चालत होते. पत्रक काढताना मोर्चाच्या पुढे असायची मला सवय, पण या मोर्चाला मागेच बरं होतं.

सायबरवाला काउंटरवरच होता. मला बघून उभा राहिला.

‘आवो, आवो, लीडर बेन! बेसो.’

काउंटरच्या काचेखाली माझं पत्रक ठेवलेलं. नीट, सुरकुती न पडता, लुटारू हा शब्द बरोबर मध्यभागी. मी पत्रकाकडे बघतेय हे बघून तो म्हणाला, ‘पत्ता एकदम बराबर लिहिला होता बेन. पुष्कळ लोक वाचून आले. म्हणून जपून ठेवलं.’

मुलीने काय हवं ते सांगितलं. त्याने माझा लॅपटॉप ओढला, कागद काढायला म्हणून त्याच्या दुकानाच्या वायफायला जोडला आणि तो एका क्षणात जोडला गेला. एका क्षणात! मी दोन तास ज्याच्याशी लढत होते तो लॅपटॉप शत्रूच्या दुकानात शिरल्याबरोबर शेपूट हलवायला लागला.

‘आ तो चाले छे, बेन,’ तो म्हणाला. ‘लॅपटॉप ठीक आहे. तुमच्या घरीच कुणी अडवतंय.’

‘कंपनी,’ मी म्हटलं.

‘कंपनी नाही. राउटरमध्ये यादी केली आहे? अमुक यंत्रालाच घ्यायचं, अशी?’

‘केली आहे.’

‘कुणी?’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं. मी काचेखालच्या पत्रकाकडे पाहिलं.

‘पण माझा लॅपटॉप यादीत आहे,’ मी म्हटलं. ‘मीच घातलाय. सगळ्यात पहिला.’

त्याने माझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी उघडलं आणि हसू दाबत स्क्रीन माझ्याकडे वळवली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी इमारतीच्या ग्रुपवर एक जळजळीत मजकूर टाकला होता: ‘तुमच्या यंत्राची ओळख कोण वाचतंय? पाळत झुगारून द्या!’ आणि लोकांना सांगण्याआधी स्वतः आचरण करावं म्हणून लॅपटॉपमधलं एक बटण चालू केलं होतं. त्या बटणाने लॅपटॉपचा ओळख-क्रमांक रोज आपोआप बदलतो. म्हणजे सकाळी माझा लॅपटॉप नवं तोंड घेऊन दाराशी गेला आणि दाराशी मी बसवलेल्या पहारेकऱ्याने त्याला विचारलं, यादीत आहेस का? नाही. मग अपवाद नाही.

माझ्या एका पत्रकाने दुसऱ्या पत्रकाला घराबाहेर काढलं होतं. कंपनी बिचारी दोन तास विनाकारण शिव्या खात होती. आणि त्या बाईने विचारलं होतं, काही बदललंय का.

‘म्हणजे गल्ल्यावरची पोरं आणि ताई, सारखेच,’ मुलगी म्हणाली.

सायबरवाल्याने फॉर्म भरायला घेतला. मी चुका काढायला खुर्ची ओढून बसले, पण निघाल्या नाहीत. पाचला दहा मिनिटं असताना पावती छापून बाहेर आली. वडिलांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली, मग काढली, मग घडी न घालता दोन्ही हातांनी धरून घरापर्यंत चालत आले. मी त्यांच्याशी वाटेत एकदाही चळवळीबद्दल बोलले नाही. माझ्यासाठी हे उपोषणाच्या तोडीचं होतं.

त्या संध्याकाळी मी खुलाशाचं पत्रक लिहायला घेतलं. पाऊण पान झालं तरी मी अजून पाळतीच्या जागतिक इतिहासातच होते. मुलगी कागद मागायला आली, वाचून म्हणाली, ‘यात चूक कुठे मान्य केलीय?’

‘पुढच्या पानावर येतेय.’

तिने पेन घेतलं आणि सगळ्यावर काट मारली.

काही आठवड्यांनी प्रवेशाची यादी लागली. ती पळतच आली, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तिचं नाव होतं, दुरुस्त केलेल्या स्पेलिंगसकट. आईने तिच्या तोंडात गूळ घातला. मी अभिनंदन करायला गेले आणि विचारलं, ‘नेट नीट चाललं ना?’

जाताना तिने जिन्यातलं माझं पत्रक खरवडून काढलं आणि त्या जागी वहीचं एक पान लावलं. ते अजून आहे, मी रोज त्याच्यासमोरून चढते:

‘नवीन यंत्र जोडायचं असेल तर आधी नोंद करा. यंत्रात काही बदललं तर तेही सांगा. नेट लागलं नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना विचारू नका, त्यांच्या आईला विचारा.’

मथळा नाही. तरी सगळे वाचतात.