बांधावर तोडलेली काळी नळी

हळद उकडायला लागली की त्या वासाबरोबर मला बांधावरची ती काळी नळी आठवते. हळद खणताना ती आडवी आली. जुनी ठिबकची नळी समजून मी कुदळीने तोडून टाकली. थोड्या वेळाने नात धावत आली. तासाभरात ग्रामपंचायतीच्या नेटवर तिची नोकरीची मुलाखत होती आणि गावातलं नेटच गेलं होतं. तुटकं टोक पाहून ती मातीतच बसली. "आजी, काय करून ठेवलं वं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात नेटचा लाइनवाला तुटलेली जागा शोधत आला. मी सांगून टाकलं, "मीच तोडली." त्याने नळी सोलून केसाएवढा काचेचा धागा काढला. "आजी, या एका धाग्यातून उजेडाचे लय रंग जातेत, डोळ्याले दिसत नाहीत. एका रंगावर बँक, एकावर टॉवर, एकावर ग्रामपंचायत. कोणी कोणात मिसळत नाही." मी म्हटलं, "मंग माह्या नातीचा रंग आधी जोड." तो हसला. "तसं नाही होत. धागा जुळला की समदेच येतीन. फक्त धूळ नका येऊ देऊ." वारा सुटला होता. मी पदर दोन्ही हातांनी पसरून त्याच्या धागा जुळवायच्या मशीनवर वाकून उभी राहिले. हात भरून आले, पण धागा जुळला आणि नात पळाली. नोकरी लागली तिला. आज सकाळीही पुण्याहून तिचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच, "आजी, कुदळ कुठं हाय?" मी म्हटलं, "भिंतीले टेकवून ठेवली हाय, तू बोल."