काचेवर एक ठोका

दवाखान्यात तिला सगळे काचेवाल्या ताई म्हणत. तीस वर्षं नर्सचं काम केलं तोवर ती नुसती ताई होती. काच आली ती साथीबरोबर.

साथीच्या वॉर्डातून बाहेर पडताना एक अरुंद खोली लागायची. पूर्वी तिथे धुतलेल्या चादरी ठेवत. साथ आली तशा चादरी हलवल्या, खोलीच्या एका भिंतीला जाड काच बसवली आणि काचेच्या अलीकडे एक स्टूल, एक वही, एक पेन ठेवलं. वॉर्डात सहा तास काढून आलेली नर्स त्या खोलीत उभी राहून अंगावरचं किट उतरवायची आणि ताई स्टुलावर बसून ते बघायची. ऐकणाऱ्याला वाटेल, बघत बसणं हे काय काम झालं! पण किट चढवताना माणूस ताजा असतो आणि कापड कोरं असतं. उतरवताना वॉर्डातलं सगळं त्या कापडावर बसलेलं असतं, आणि आतला माणूस मोडून आलेला असतो. घशाला कोरड, नाकावर मास्कचा लाल वळ, घामाने भिजलेली बोटं. हाताला वाटतं, एकदाचं सगळं ओरबाडून फेकून द्यावं. तो हात आवरायला काचेपलीकडे दुसरं माणूस लागतं.

काचेतून बोलणं ऐकू जात नसे. म्हणून ताईने ठोक्यांची भाषा काढली. पेनाच्या मागच्या टोकाने काचेवर दोन ठोके, म्हणजे बरोबर आहे, पुढे चल. एक ठोका, म्हणजे थांब, हात आहे तिथेच ठेव. आधी वरचे हातमोजे. मग गाऊनची गाठ सोडायची, बाहेरची बाजू आत गुंडाळत तो खाली उतरवायचा. मग आतले हातमोजे. मग गॉगल. सगळ्यात शेवटी मास्क, मागच्या नाड्या धरून, डोळे मिटून, श्वास रोखून. आणि दर पायरीला हात स्वच्छ करायचे, मगच पुढची पायरी. चूक झाली की वहीत लाल शाईने लिहायचं आणि त्या नर्सला चौदा दिवस वेगळ्या खोलीत पाठवायचं. यात ताईने कोणाची गय केली नव्हती. एकदा खुद्द मेट्रनबाईंना एक ठोका देऊन तिने हात वर धरून उभं केलं होतं.

"ताई, तुमच्या दोन ठोक्यांशिवाय आता घरी चप्पलसुद्धा काढवत नाही हो," पोरी म्हणायच्या.

"मग काढू नका. चपलेसकट झोपा," ताई म्हणायची.

तिचा नवरा शिंपी होता. दुकान बंद पडलं तेव्हा त्याने मशीन घरात आणलं आणि दवाखान्यासाठी कापडी गाऊन शिवायला घेतले, कारण कागदी गाऊन संपले होते. तो म्हणायचा, "मी चढवायचं शिवतो, तू उतरवून घेतेस. बरं जमलंय आपलं." ताई हसायची. त्या दिवसांत ती हसू शकत होती.

त्या पोरींत सगळ्यात लहान होती तिला चिमणी म्हणत. आवाज बारीक, चाल लगबगीची, एका जागी पाय ठरत नसे. तिच्या ध्यानात आलं की पेशंट किटाला घाबरतात. पांढरी, बिनचेहऱ्याची माणसं येतात, काहीतरी टोचतात आणि जातात, आजारी माणसाने कोणाला ओळखायचं? म्हणून तिने आपल्या कापडी गाऊनच्या छातीवर काळ्या मार्करने एक चिमणी काढली. चोच जरा वाकडी झाली.

"हा कावळा आहे," दुसरी नर्स म्हणाली.

"तुझ्यापेक्षा गोरा आहे," चिमणी म्हणाली.

मेट्रनबाई रागावल्या, पण पेशंट चिमणीवाल्या सिस्टरची वाट बघायला लागले तेव्हा गप्प बसल्या. गाऊन रोज उकळत्या पाण्यातून निघायचा. चिमणी फिकी व्हायची, जात मात्र नसे.

मग ती दुपार आली. वॉर्ड खच्चून भरला होता. पुढच्या पाळीच्या दोघी तापाने पडल्या होत्या, आणि मेट्रनबाई दारात येऊन सांगून गेल्या होत्या, "आता एक जरी कमी झाली ना, तर मी पेशंटकडे कोणाला पाठवू?" चिमणी सहाऐवजी नऊ तास काढून खोलीत आली. तिने भिंतीला टेकू नये म्हणून ताईने एक ठोका दिला, तशी ती दचकून सरळ झाली. हातमोजे नीट निघाले. गाऊन नीट निघाला. गॉगल काढला, डब्यात टाकला. आता हात धुवायचे. आणि तेवढ्यात चिमणीने, घाम झोंबला म्हणून असेल, मनगट उचललं आणि डावा डोळा पुसला.

ताईचं पेन काचेजवळ थांबलं.

चिमणीला कळलं होतं. तिने काचेतून ताईकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे, त्यातला एक लाल. तिने मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. लिहू नका. वॉर्डात कोण राहील?

ताईने दोन ठोके दिले.

वहीत निळ्या शाईने लिहिलं, बरोबर. लिहिताना अक्षर नेहमीसारखंच आलं, ही गोष्ट तिला पुढे फार दिवस छळत राहिली.

आठव्या दिवशी चिमणीला ताप आला. दोन दिवस तिने तो लपवला. मग ती त्याच वॉर्डात खाटेवर आली. ताई किट घालून तिला बघायला गेली तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. ताई खाटेशी उभी राहिली. चिमणीने हात जरासा हलवला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर नखाने वाजवलं. एकदा. दुसऱ्यांदा. दोन ठोके.

पुढे चल, म्हणाली का ती? की बरोबर आहे, म्हणाली? की नुसतंच विचारत होती, ताई, हे बरोबर होतं का? ताईला ते कळलं नाही, आणि विचारायला पुढची सकाळ उरली नाही.

त्यानंतर ताईला ठोके ऐकू यायला लागले. नळाचं पाणी बादलीत पडे, दोन ठोके. नवऱ्याची कात्री मेजावर पडे, एक ठोका, आणि ताईचा हात भाजी चिरता चिरता जागच्या जागी थांबे. नवरा विचारी, "काय झालं गं?" ती म्हणे, "काही नाही, तुमचं चालू द्या." दारातून आत येताना ती चपला काढून उभी राहायची, कोणीतरी पुढे चल म्हणेपर्यंत. ती कशाची वाट बघतेय ते शिंप्याला ठाऊक नव्हतं, पण तो आतून हाक मारायचा, "ये की आत, पाव्हणी आहेस का?" मग ती आत जायची.

एक दिवस भर दुपारी, पाळी बदलायच्या वेळी, वॉर्डाचं दार उघडलं आणि खोलीत एक बाई येऊन उभी राहिली. पांढरं किट, बिनचेहऱ्याची. छातीवर फिकट काळी चिमणी. चोच वाकडी.

ती बाई हात पुढे धरून उभी होती, शिकवलं होतं तशी, पहिल्या ठोक्याची वाट बघत. ताईचं पेन उचलेना. काचेपलीकडची मूर्ती हलेना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्या बाईनेच खांदे उडवले, काय, असं विचारल्यासारखे, आणि त्या खांद्यांवरून ताईने ओळखलं, ही नवी आलेली जाड नर्स आहे. धुवून आलेल्या ढिगातून तिने हाताला लागला तो गाऊन उचलला होता. ताईने एकेक पायरी करून घेतली. नंतर तिने तो गाऊन मागून घेतला, घरी नेला आणि कपाटात चादरीखाली ठेवला. नवऱ्याने कापड ओळखलं. "हा माझ्या हातचा आहे," एवढंच म्हणाला.

चिमणीची आई दुसऱ्या गावी पोस्टात टपाल वेगळं करायची. एकुलती एक लेक गेली तरी तिने दवाखान्याला बोल लावला नाही. दर रविवारी सकाळी ती ताईला फोन करायची. आवाज लेकीसारखाच बारीक.

"जेवलात का ताई?"

"अजून नाही. तुम्ही?"

"बसेन आता. ताई, पोर काय म्हणायची सांगू? म्हणायची, आई, काचेपलीकडे ताई बसल्यात ना, तोवर मला काही होत नाही. तुम्ही होतात म्हणून मी निवांत होते बघा."

दर रविवारी हेच. ताई हूं हूं करायची आणि फोन ठेवल्यावर भिंतीला पाठ लावून खाली बसायची. सांगून टाकावं, असं दर रविवारी ठरवायची. सांगितलं तर हा आवाज पुन्हा यायचा नाही. न सांगितलं तर हा आवाज असाच आभार मानत राहणार, मरेपर्यंत. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

साथ ओसरली. वॉर्ड मोकळा झाला. चादरी परत आपल्या खोलीत आल्या, काच आणि अलीकडचं स्टूल तेवढं राहिलं. मग एक दिवस चिमणीची आईच दवाखान्यात आली. ठेंगणी, केस नीट विंचरलेले, खांद्याला पोस्टाची जुनी पिशवी.

"पोर जिथे उभी राहायची ती जागा दाखवता का?" ती म्हणाली. "रजा काढून आलेय."

ताईने तिला नेलं. चादरींच्या ढिगांमध्ये जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी जागा होती. आईने खोलीत डोकावून पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं.

"आणि तुम्ही इथे बसायचात."

"इथे."

"किती जवळ होतात," आई म्हणाली. तिने स्टुलावरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

तेव्हा ताईला पुढे धीर धरवला नाही. ती उभ्या उभ्या सगळं बोलली. नऊ तास. गॉगल. मनगट. मान हलवली ते. एक ठोका द्यायचा तिथे दोन दिले ते. निळी शाई. काही वगळलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही, मेट्रनबाईंचं नाव घेतलं नाही.

आईने खांद्यावरची पिशवी काढून स्टुलाशी ठेवली. मग म्हणाली, "मला समजलं नाही. करून दाखवा."

"काय?"

"ती काय करत होती ते. तुम्ही आत जा. मी इथे बसते."

ताई खोलीत गेली. आई स्टुलावर बसली आणि तिने पिशवीतलं आपलं पेन हातात घेतलं. काचेतून तिचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. ताईच्या अंगावर किट नव्हतं, तरी तिने रिकाम्या हातांनी हातमोजे उतरवले. हात चोळले. नसलेल्या गाऊनची नसलेली गाठ सोडली, गुंडाळत खाली आणला. हात चोळले. आतले हातमोजे. हात. नसलेला गॉगल काढून डब्यात टाकला. आणि मग मनगट उचललं, डाव्या डोळ्याकडे नेलं.

ठक.

एक ठोका. काच थरथरली. मनगट डोळ्यापासून चार बोटांवर थांबलं.

ताई तशीच उभी राहिली, हात अधांतरी. पलीकडे आई पेन काचेला टेकवून बसली होती. तिचा चेहरा भिजला होता, पण पेन हलत नव्हतं. ताई वाट बघत राहिली. हात अवघडला, खांदा दुखायला लागला, तरी तिने तो खाली घेतला नाही. घेण्याचा हक्क तिचा नव्हता.

शेवटी आई स्वतःच उठून दारात आली. "एवढंच करायचं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ताईला उभं राहणं जास्त जड गेलं. "एवढंच ना?"

"एवढंच," ताई म्हणाली.

"वही आहे अजून?"

वही मेट्रनबाईंच्या कपाटात होती. ताईने ती आणली, पान काढलं. आईने बोट त्या ओळीवर ठेवलं, पत्ता वाचावा तसं वाचलं, आणि पेन ताईपुढे धरलं. "लाल शाई नाही माझ्याकडे. आहे त्यानेच लिहा, खरं काय झालं ते. कोणी वाचो न वाचो."

ताईने लिहिलं. गॉगलनंतर हात न धुता डोळा पुसला. मी पाहिलं. मी पुढे जाऊ दिलं. या वेळी अक्षर वाकडं आलं.

आई निघाली तेव्हा ताईने आपल्या पिशवीतून तो गाऊन काढून दिला. सकाळी घरून निघताना, कोण जाणे का, तिने तो कपाटातून बरोबर घेतला होता. आईने छातीवरची चिमणी बघितली. "हा कावळा आहे," ती म्हणाली, आणि मोठ्याने रडली ती तेव्हा. मग घडी घालून गाऊन पोस्टाच्या पिशवीत ठेवला.

फाटकापाशी ती थांबली. "रविवारी मी फोन करणार नाही," ती म्हणाली. ताईने मान खाली घातली. "तुम्ही करा. मी उचलीन की नाही, माहीत नाही. पण तुम्ही करत जा."

रविवारी सकाळी ताई फोन घेऊन दारातल्या पायरीवर बसली. घरात मशीन चालू होतं, ते थांबलं. तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि ताई हात न हलवता ऐकत राहिली.