दादाला द्यायची राहिलेली किडनी

अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात माझा पाठ चालू होता आणि तार आली… दादाला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलंय, लगेच ये. साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा. तशीच बडनेऱ्याला जाऊन गाडी पकडली.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अकोल्यात पोस्टात क्लार्क. वलगावच्या आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला सरकारी नोकर. मी शिकत होते ते त्याच्याच हट्टामुळे… आणि तो पलंगावर पिवळाफटक पडलेला, डोळे सुजून बारीक झालेले.

दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात, असं डॉक्टर म्हणाले. परदेशात एकाची किडनी दुसऱ्याला लावतात हे मी पेपरात वाचलं होतं. सरळ म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मायी एक घ्या. मले दोन कायले पाह्यजेत?"

ते हसले नाहीत. "तिकडेही अजून थोड्यांनाच जमतंय, ताई. आपल्याकडे तर सोयच नाही. पण याच्या अंगात रक्त फार कमी आहे. तुमचं जुळलं तर ते देता येईल."

जुळलं! मला वाटलं, आता दादा वाचलाच…

माय मात्र दारात आडवी उभी राहिली. "एक असा पडला, आता हिचं बी रक्त काढता? हे वाळून गेली तं म्या कोनाच्या तोंडाकडे पाहू?" रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. बाबांनी तिला हाताला धरून बाहेर नेलं.

माझ्या रक्ताची काचेची बाटली दादाच्या पलंगाशी टांगली. पाव बाटलीही गेली नसेल, तोच त्याला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. सिस्टरने नळी बंद करून दोन ब्लँकेटं टाकली. मीच त्याला मारलं, असं वाटून मी तिथंच फरशीवर बसले.

दादा तशाही थंडीत म्हणाला, "काहून रडून रायली? तुयं रक्त तुयासारखंच हाय… आल्याबरोबर भांडून रायलं."

थंडी ओसरल्यावर डॉक्टरांनी रक्त पुन्हा जुळवून पाहिलं आणि उरलेलं अगदी थेंबाथेंबाने दिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. या खेपेला काही झालं नाही.

आठवड्याभरात त्याच्या नखांवर गुलाबी रंग आला आणि त्याला घरी सोडलं. वलगावला आल्यावर त्याने एकच धोशा लावला, मला सायकल शिकवायची. "उद्या शाळेत नोकरी लागन, तं का पायीच जाशीन?"

गावाबाहेरच्या रस्त्यावर तो कॅरियर धरून माझ्यामागे भरभर चालायचा. माझंच रक्त अंगात घेऊन मला ढकलायचा… एका सकाळी मागे वळून पाहिलं, तर दादा लांब रस्त्याच्या कडेला बसलेला. धापा टाकत हसत होता, हात हलवत होता. त्याने कधी सोडलं ते मला कळलंच नव्हतं.

महिन्याभरात तो पुन्हा पडला. मी पुन्हा हात पुढे केला. डॉक्टरांनी तो हळूच खाली केला. "आता रक्ताने काही होणार नाही, ताई." चौथ्या दिवशी दादा गेला… सव्वीस वर्षांचा होता.

आता बहीण भावाला किडनी देते आणि दोघंही आपल्या पायांनी घरी येतात. असं काही ऐकलं की बरं वाटतं, आणि मग दिवसभर कशातच मन लागत नाही.

परवा माझे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आजी, या वयातही दोन्ही किडन्या एकदम छान आहेत हं!"

मी मान हलवली. यातली एक दादाची होती, हे त्यांना कसं सांगणार…