सावलीसाठी आणलेली बकुळ

मैत्रिणींनो, आठ वर्षं एका मळ्यात वाढलेलं झाड दुसऱ्या अंगणात जगतं का? बी.ए. झाले, तरी याचं उत्तर मला येत नाही. आपण सगळ्या आळीपाळीने लिहितो ती फिरती वही आजच माझ्याकडे आली हे बरं झालं, कारण ते झाड आता आमच्या अंगणात उभं आहे.

आमच्या ओट्यावर दुपारी मी बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. ऊन वाढलं तशा त्या येईनाशा झाल्या. रोप लावून सावलीची वाट किती वर्षं पाहणार? म्हणून अकोल्याबाहेरच्या मळ्यातून काशीरामकाका माळ्यांनी माझ्या दुप्पट उंचीची बकुळ मातीसकट गोणपाटात बांधून बैलगाडीने आणली.

झाड खड्ड्यात उतरताच काकांनी कोयता काढला. "आता अर्धा पाला छाटा लागते."

"काका, सावलीसाठीच तर आणली."

"मुळ्या तुटल्या तिच्या. एवढा पाला कशानं जगवन ते? तुले आजची सावली पायजे का झाड पायजे?"

"दोन्ही."

"एवढी शिकली, पण हट्ट लेकराचाच हाय," काका हसले.

मी कोयता मागून घेतला आणि कळ्यांनी भरलेल्या फांद्या स्वतःच छाटल्या. मग बाबांना विचारून, आजवर जिथे फक्त पुरुषच बसायचे ती त्यांची बैठक झाडून घेतली, आणि घरोघर सांगून आले: नवा पाला फुटेपर्यंत वर्ग तिथे भरेल.