समुद्र पाहून परत येणारा देव

चि. ईशा आणि चि. निनाद,

रविवारी फोनवर निनादने पडलेला दात दाखवला आणि आजोबा म्हणाले, "मोरया!" तुम्ही हसलात, तेही हसले. मग ईशाने हळूच विचारलं, "आजी, आजोबा सगळ्यालाच मोरया का म्हणतात?" तुम्ही टोरांटोत, आम्ही बॉनमध्ये, आजोबांच्या देखत फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

आजोबांच्या मेंदूला झटका आला, तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पूर्ण थांबलं. बोलायला शिकवणारी बाई, इथे जर्मनीत तिला लोगोपेडिन म्हणतात, ती घरी यायची. ती नसेल तेव्हा मी. माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. न्याहारी झाली की चित्रांची कार्डं काढायची. "अहो, हे काय आहे? सफरचंद. म्हणा बरं." ते क्षणभर माझ्याकडे बघत आणि मग खिडकीबाहेर. हिवाळा सरला तरी एक शब्द आला नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचे, पण हात जोडताना मनात यायचं, तू ऐकतोस तरी का?

आजोबांचं बालपण रत्नागिरीजवळ समुद्रकाठी गेलेलं. म्हणून उन्हाळ्यात तुमची मेधाआत्या आम्हाला गाडीने ब्रिटनीला घेऊन गेली. फ्रान्सचं ते अटलांटिकमध्ये घुसलेलं टोक. "आई, ती कार्डं तरी घरी ठेव गं!" असं ती म्हणाली. मी पर्समध्ये घातली. तिथला किनारा आपल्या कोकणासारखा मऊ नाही. मोठमोठे खडक, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली झाडं, आणि ओहोटी लागली की चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या.

एका गावात तिथल्या संताची जत्रा होती. चर्चच्या छताला लाकडाच्या छोट्या होड्या टांगलेल्या होत्या, वादळातून वाचून आलेल्यांनी वाहिलेल्या. पांढऱ्या लेसच्या उंच टोप्या घातलेल्या बायका गात होत्या. पुरुषांनी संताची मूर्ती खांद्यावर घेतली आणि मिरवणूक बंदराकडे निघाली. दगडी उतारावर आजोबांची चाकाची खुर्ची अडकली. एका टोपीवाल्या आजीने काही न विचारता खुर्चीची एक मूठ धरली, दुसरी माझ्या हातात, आणि आम्ही मिरवणुकीतच सामील झालो.

धक्क्यावर त्यांनी मूर्ती होडीत ठेवली. होडी पाण्यात निघाली. मला वाटलं, आता विसर्जन. वर्षभर मागत राहिले, आणि इथेही देव चाललाच.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "मोरया."

घोगरा, पण स्पष्ट. मेधा जागच्या जागी थांबली. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "गणपती बाप्पा..." आणि आजोबा अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असे ओरडले, "मोरया!"

त्या आजीची सून कोलोनची, त्यामुळे तिला मोडकं जर्मन येत होतं. "काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, देवाला समुद्रात निरोप देताना आम्ही असं म्हणतो. ती हसायलाच लागली. "निरोप? नाइन, नाइन, छे हो! हा बोटींना आशीर्वाद देतो आणि जेवायच्या वेळेला घरी येतो." आणि खरंच, होडी वळली. देव पुन्हा खांद्यावर बसून वर गेला.

लोगोपेडिनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, असं होतं. खोल मुरलेले शब्द कधीकधी आपणहून येतात." असेल. मी वाद घातला नाही. पण ती होडी नेमकी आमच्यासमोर कुणी आणली, हे तिलाही सांगता आलं नसतं. मला एवढंच कळलं की मी वेळापत्रक लावून मागत होते तोवर काही आलं नाही. हात खुर्चीच्या मुठीला होता आणि माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, तेव्हा आलं. आता मी दिवा लावते आणि गप्प बसते. काही मागत नाही.

बाकीचे शब्द परत आले नाहीत. सफरचंद नाही, माझं नाव नाही, तुमचीही नाहीत. चहा आवडला, पाय दुखला, तुम्ही फोनवर दिसलात, सगळ्याला तोच एक शब्द. तेवढा आमच्या घरात आहे, आणि रोज बोलला जातो.